महामार्गावरचा पंप: पेट्रोलला साडेचार तारे, चार्जरला अडीच

उत्तर गोव्यात महामार्ग ६६ ला लागून एका तेल कंपनीचा पंप आहे. पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि विजेच्या गाड्यांचं चार्जिंग, सगळं एकाच आवारात. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला जे खटकलं ते एका कंपनीपुरतं नाही, आणि तिथे दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांच्या हातातलंही नाही.

मी उमेदीची सगळी वर्षं वास्कोहून टँकर भरून गोवाभर पंपांना माल पोचवला. आता पेडण्यात असतो आणि विजेवरची छोटी टॅक्सी चालवतो. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं सुटायला लागली, तेव्हापासून माझी बहुतेक भाडी तिथलीच. मुलाकडे अजून जुनी पेट्रोल गाडी आहे, पुतण्याची सीएनजीवरची. म्हणजे या पंपावरच्या प्रत्येक रांगेत आमच्या घरचं कोणी ना कोणी उभं असतं. त्यामुळे तिन्हीबद्दल लिहितो.

आधी पेट्रोल. इथे मिळतं ते ई-२०, म्हणजे शंभर लिटरमागे वीस लिटरपर्यंत इथेनॉल. दहा टक्क्यांचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला. वीस टक्क्यांसाठी आधी २०३० साल ठरलं होतं, ते पाच वर्षं अलीकडे ओढून २०२५ वर आणलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ८४ पंपांवर सुरुवात झाली, आणि बघता बघता आपल्या गावच्या पंपावरही तेच आलं. मी टँकरवाला म्हणून ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, "काका, याने गाडी बिघडते का?" मी त्यांना सांगतो, गाडी कुठल्या सालची आहे ते आधी बघा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा ॲव्हरेज थोडं उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं, की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के पडेल, दुचाकींचं ३ ते ४ टक्के, आणि ई-२० साठी जुळवून घेतलेल्या नव्या गाड्यांचं १ ते २ टक्के. मुलाच्या गाडीचा अनुभव याच्याशी जुळतो. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील मेकॅनिकला एकदा दाखवून घ्यावेत, हेही खरं. एवढी साधी माहिती पंपावर मराठी आणि कोंकणीत एका फलकावर लावायला हवी. या पंपावर ती नाही, आणि अर्धा तारा मी त्यासाठीच कापला.

बाकी पेट्रोलच्या बाजूला नाव ठेवायला जागा नाही. गोव्यात मला इथेनॉलपेक्षा काळजी पाण्याची वाटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलं असतं, आणि जमिनीखालच्या टाकीत कुठून ना कुठून ओल शिरायला बघते. साध्या पेट्रोलमध्ये पाणी उतरलं तर ते तळाला वेगळं बसायचं, डिप रॉडला, म्हणजे टाकीतली पातळी मोजायच्या काठीला, पाण्याने रंग बदलणारी पेस्ट लावून ती टाकीत सोडली की रंग बदलायचा आणि लगेच कळायचं. इथेनॉल मात्र पाणी स्वतःत ओढून घेतं. थोडं असेल तोवर काही दिसत नाही. प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला जाऊन बसतात. तो तळाचा माल गाडीत गेला तर गाडी जागेवर बंद पडते. म्हणून ई-२० आल्यापासून पावसाळ्यात टाकी सांभाळणं पूर्वीपेक्षा जास्त जोखमीचं झालं आहे.

मी मॅनेजरना सरळ विचारलं, "बाब, पाणी बघायला पेस्ट कुठली वापरता?"

"इथेनॉलच्या पेट्रोलसाठी वेगळी येते ती, काका. जुनी आता चालत नाही."

"आणि पावसात किती वेळा बघता?"

"रोज सकाळी. टँकर खाली करायच्या आधी आणि नंतर, ते तर असतंच."

मग त्यांनी रजिस्टर पुढे केलं. डेन्सिटीच्या, म्हणजे इंधनाच्या घनतेच्या, नोंदी ओळीने होत्या, सकाळची डिप होती, टँकरच्या चलानावरची डेन्सिटी आणि इथे मोजलेली शेजारी शेजारी लिहिलेली होती. जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर हाताशी होते आणि धूळ खात पडलेले नव्हते. पाच लिटरचं माप मागितलं तर कोणी कपाळाला आठी घातली नाही. एका मुलाने माप आणून समोर भरून दाखवलं, अगदी रेषेवर. ही तपासणी मागायचा प्रत्येक गिऱ्हाइकाचा हक्क आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. फिल्टर पेपरची चाचणीही तशीच: नोझलच्या तोंडाचा एक थेंब कागदावर टाकायचा, सुकल्यावर डाग उरला तर मालात भेसळ समजायची. मी अनेक पंपांच्या टाक्यांत माल सोडलेला आहे, आणि इतकं नीट ठेवलेलं रजिस्टर फार कमी ठिकाणी पाहिलं.

साखरेपासून होणाऱ्या इथेनॉलबद्दल एक गोष्ट मनात राहून गेली आहे ती इथेच सांगतो. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचं गाळप २०१९-२० पासून बंद आहे. तिथे इथेनॉल प्रकल्प उभा करायची चर्चा तेव्हापासून ऐकतो. आपल्या टाकीत बाहेरच्या उसाचं इथेनॉल येतं आणि आपला ऊसवाला शेतकरी नुकसानभरपाईची वाट बघतो, हे मला सहन होत नाही.

सीएनजीबद्दल थोडक्यात. वायू चांगला, हिशेब चोख, काम करणारी मुलं हुशार. भरताना सगळ्यांना गाडीतून उतरवतात, त्यात कुणाची भीड ठेवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो, तिथे भिडेला जागा नाही. अडचण रांगेची. ट्रकवरून सिलिंडरांचे संच येतात, ट्रक उशिरा आला की दाब उतरतो आणि टाकी अर्धीमुर्धी भरते. पुतण्या पहाटेच जाऊन येतो. साडेतीन तारे.

आता चार्जर. याच्यासाठीच लिहायला बसलो आहे.

चार्जर आवाराच्या अगदी टोकाला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पेट्रोलची वाफ जिथे साठू शकते तिथून विजेचं यंत्र लांबच हवं, आणि टँकरची अर्थिंगची क्लिप लावल्याशिवाय कधी व्हॉल्व्हला हात न लावलेल्या माणसाला हे कोणी समजावून द्यायला नको. पण पेट्रोल भरणाऱ्याच्या डोक्यावर भलंमोठं छत आहे, त्या छतावर सौर पॅनेलही आहेत, आणि चार्जरपाशी पत्र्याचा एक तुकडासुद्धा नाही. जुलैतल्या पावसात छत्री मानेत धरून, एका हाताने जाड केबल ओढायची आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर ॲप उघडायचं. केबलच्या टोकाची बंदूक, म्हणजे गाडीत लावायचा प्लग, आणि गाडीचं सॉकेट पावसासाठीच बनवलेले असतात, यंत्र आपली सुरक्षा तपासणी केल्याशिवाय वीज सोडत नाही, हे मला माहीत आहे. तरी भिजलेल्या हाताने ती बंदूक लावताना गाडीत बसलेली म्हातारी प्रवासीण घाबरते, तिला हे कोण सांगणार?

चालू असला तर चार्जर उत्तम आहे. माझी बॅटरी लहान, २४ युनिटची. दहा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत तासाभरात जाते. तेवढ्यात चहा होतो, स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ आहे, पिण्याचं पाणी गार आहे. दर घरच्या विजेपेक्षा बराच जास्त, वर १८ टक्के जीएसटी, पण किलोमीटरमागे हिशेब केला तर पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडतं. दोन गाड्या एकदम लागल्या की यंत्र ताकद वाटून देतं आणि वेळ वाढतो. हे यंत्रावर लिहिलेलं नाही, शेजारी गाडी आली की आपसूक कळतं.

पण तो चालू असेल की नाही, हे तिथे पोचेपर्यंत कळत नाही. ॲप "उपलब्ध" दाखवतं आणि समोर पडदा काळा असतो. कधी नेट नसतं म्हणून ॲपचा हुकूम यंत्रापर्यंत जातच नाही. पावसात लाइट गेली-आली की यंत्र अडकून बसतं. कधी पैसे वॉलेटमधून कापले जातात आणि चार्जिंग सुरू होत नाही. पैसे परत येतात, पण लगेच नाही. आणि पुष्कळदा काहीच बिघडलेलं नसतं. पोरांनी खेळता खेळता तांबडं इमर्जन्सी बटण दाबलेलं असतं आणि ते कोणी सोडवलेलं नसतं. ते बटण बाणाच्या दिशेने पिळलं की बाहेर येतं, मिनिट-दोन मिनिटांत यंत्र जागं होतं. ही गोष्ट पंपावरच्या एकाही मुलाला माहीत नव्हती. मी दाखवली तेव्हा सगळे कुतूहलाने जमले, म्हणजे शिकायची तयारी आहे. शिकवलं कोणी नाही.

एकदा गोव्याच्या पार दक्षिण टोकाला, काणकोणला जायचं भाडं होतं, लहान मूल असलेलं कुटुंब होतं, आणि चार्जर बंद. मी नोझलवरच्या मुलाला हाक मारली. तो बिचारा धावत आला, यंत्राकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, ते आमचं नाही. ते कंपनीचं आहे. तिथे नंबर आहे बघा." त्या नंबरवर हिंदीत आणि इंग्रजीत पर्याय ऐकत बराच वेळ गेला, शेवटी तक्रार नोंदवून घेतली आणि यंत्र बंदच राहिलं. कुटुंबाला दुसरी टॅक्सी बघून द्यावी लागली.

"ते आमचं नाही" या वाक्यात त्या मुलाचा काही दोष नाही. त्याच्या कामाच्या यादीत चार्जर नाहीच. आता हेच पेट्रोलच्या बाजूला कसं असतं बघा. आम्ही वास्कोत टँकर भरला की कंपार्टमेंटला सील लागायचं, सीलचा नंबर चलानावर यायचा. जुन्या झुआरी पुलावर अवजड वाहनांना बंदी असायची तेव्हा बोरीमार्गे फोंड्याला वळसा घालून यायचो, पण माल वेळेवर पोचवायचाच. पंपावर सील जुळवून बघितल्याशिवाय मॅनेजर सही करायचा नाही. टाकी कोरडी पडली तर वरून फोन यायचा. मशीनवर दरवर्षी वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. नोझल बिघडलं की त्यावर "बंद" पाटी लागते आणि दुरुस्ती करणारा कधी येणार हे मॅनेजरला माहीत असतं. घोटभर तेलाचाही कोणी ना कोणी जबाबदार आहे. विजेला असा धनी नाही. युनिट किती दिले हे पडद्यावर दिसतं, पण पाच लिटरच्या मापासारखं गिऱ्हाइकाला समोर दाखवता येईल असं काही तिथे नाही. चार्जर किती वेळ बंद होता याचं रजिस्टर मागितलं, तर असं रजिस्टरच नाही.

पैशाची अडचण असती तर गप्प बसलो असतो. मार्च २०२३ मध्ये केंद्राने इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन कंपन्यांना मिळून ७,४३२ जलद चार्जरसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. कंपन्यांनी स्वतःची मुदतही जाहीर केली आहे: भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम २०४० पर्यंत, इंडियन ऑइल २०४६ पर्यंत आपल्या कारभारातलं कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणणार. पानिपतला इंडियन ऑइलने भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढायचा कारखाना उभारला, ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. नऊशे कोटींच्या वर खर्च, वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल असं त्याचं गणित आहे. शेतात जाळला जाणारा पेंढा टाकीत येतो, हे काम मला मनापासून आवडलं. यात ऊसही लागत नाही, धान्यही नाही. तेल शुद्ध करणाऱ्या कंपन्यांकडे मोठे कारखाने उभारायची ताकद आहे यात शंका नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशाचा ऊर्जा सप्ताह आपल्याच दक्षिण गोव्यातल्या बेतुलला भरला होता, तेव्हाही मोठ्या प्रकल्पांचीच भाषणं झाली. पण बेतुलहून पेडण्यापर्यंत विजेची गाडी घेऊन यायची तर वाटेतला चार्जर चालू आहे का, हा प्रश्न ड्रायव्हरलाच सोडवावा लागतो.

काही जण म्हणतील, गोव्यात येणारी वीज तरी कुठे स्वच्छ आहे? बरोबर आहे. आपली बरीचशी वीज बाहेरून येते, कोरबासारख्या कोळशावरच्या केंद्रांतून, आणि ती आणणाऱ्या वाहिन्यांसाठी मोलेच्या रानावरून केवढा वाद झाला ते आपण पाहिलं. तरीही मी विजेच्या बाजूने आहे. इंजिनात जाळलेल्या इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, मोटर त्यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जेत तेच अंतर कापते. आणि वीज पुढे सूर्यापासून आली तर माझी हीच गाडी, काही न बदलता, आणखी स्वच्छ होईल. पेट्रोल गाडीला ती सोय नाही.

तेलाचा धोका मी जवळून पाहिला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं चटकन पेटणारं तेल, भरलेलं नु-शी नलिनी हे जहाज वादळात वाहत येऊन दोना पावलाजवळ खडकांत अडकलं होतं. त्यातला नाफ्था बाहेर काढेपर्यंत मच्छीमारांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांच्या जिवाला घोर होता. माझ्यासारख्या टँकरवाल्याला तर त्या मालाचा स्वभाव माहीत, मला झोप लागत नव्हती. ज्या धंद्याने मला आणि माझ्या घराला खायला घातलं, तो धंदा हळूहळू यातून बाहेर पडावा असं मला वाटतं. म्हणूनच चार्जर बंद दिसला की राग येतो. माझं एक भाडं गेलं ते गेलंच, पण ते पाहणारा दुसरा टॅक्सीवाला विजेची गाडी घ्यायचा विचार सोडून देतो, ते नुकसान मोठं आहे.

मागणं फार नाही. डेन्सिटीच्या फलकाशेजारीच चार्जर आज किती वेळ चालू होता ते रोज लिहा. प्रत्येक पाळीत एका माणसाकडे चार्जरची जबाबदारी द्या, त्याला तांबडं बटण, मुख्य स्विच आणि यंत्र पुन्हा चालू करणं शिकवा, आणि त्या कामाचे चार पैसे त्याच्या हातावर ठेवा. नेट नसताना चालेल असं कार्ड पंपावरच विकत मिळू दे. पैसे नोटांनी घ्यायची सोय ठेवा, वयस्क ड्रायव्हरांचा ॲपशी झगडा संपेल. पेट्रोल भरून झालेल्या गाड्या चार्जरच्या जागेत लावू देऊ नका. आणि वर छप्पर घाला.

तोवर ज्यांना इथे चार्जिंग करायचं आहे त्यांनी सकाळी लवकर किंवा दुपारी जेवणाच्या वेळी जावं, संध्याकाळी विमानतळाच्या गाड्यांची गर्दी होते. बॅटरी तिशीच्या खाली जायच्या आधीच या, म्हणजे यंत्र बंद निघालं तरी पुढच्या चार्जरपर्यंत जाता येईल. निघण्याआधी पंपावर फोन करून विचारा, मॅनेजर माणूस चांगला आहे, उठून बघून खरं ते सांगतो. यंत्र बंद दिसलं तर आधी तांबडं बटण बघा. आणि बंदच असेल तर ॲपवर तक्रार करून थांबू नका, ऑफिसात जाऊन पंपाची तक्रारवही मागा. ती प्रत्येक पंपावर ठेवावीच लागते आणि कंपनीचा अधिकारी तपासणीला आला की ती बघतो. तारीख, वेळ आणि चार्जरचा क्रमांक स्वच्छ अक्षरात लिहा. माझ्या नोंदी त्यात आहेत, त्यांच्याखाली तुमचीही येऊ दे.